डॉक्टरांचे व्यसन आणि त्यातून सुटका

गावचे डॉक्टर पितात हे सर्वांना ठाऊक असते, पण बोलत कोणी नाही. मजूर प्यायला तर आपण त्याला चार शब्द सुनावतो. डॉक्टरसाहेबांना मात्र "थकवा असतो हो" म्हणून सांभाळून घेतो. देवरी-सालेकसाकडच्या गावात एकच डॉक्टर असेल तर तोंड उघडणार कोण? आमच्या मते हा मानच त्यांचा घात करतो.

दारूने यकृताचे काय होते हे डॉक्टरांहून अधिक कोणाला कळते? पण व्यसन हा आजार आहे, तो पदवी पाहून येत नाही. उलट त्यांच्या हाताशी औषधांचे कपाट असते. सकाळी हात थरथरू लागले की स्वतःच झोपेची गोळी घेतात आणि एका व्यसनाची दोन होतात. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून दारू सोडणे दुसऱ्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हावे. येथे डॉक्टरला रुग्ण व्हावे लागते, आणि तेच त्याला सर्वांत जड जाते.

'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चे एक संस्थापक डॉ. बॉब स्मिथ हे अमेरिकेतील ॲक्रन शहरचे शल्यविशारद. मे १९३५ मध्ये, दारू सोडून पाच महिने झालेले बिल विल्सन त्यांना भेटले. पंधरा मिनिटांसाठी बसलेले डॉक्टर सहा तास बोलत राहिले. (उपदेश करणारे पुष्कळ भेटतात, स्वतःची दारू सांगणारा विरळा!) त्यानंतरही ते एकदा घसरले. १० जून १९३५ रोजी, शस्त्रक्रियेपूर्वी हात स्थिर राहावा म्हणून घेतलेली बीअर त्यांची अखेरची ठरली. १९५० साली निधन होईपर्यंत त्यांनी हजारो व्यसनींवर विनामूल्य उपचार केले. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणातही बरे झालेले रुग्ण पुढे कार्यकर्ते होतात.

अमेरिकेतील १६ राज्यांतल्या ९०४ व्यसनी डॉक्टरांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. उपचार, गटाच्या बैठका, कधीही होणारी लघवीची तपासणी, आणि चुकल्यास परवाना धोक्यात! ज्यांची माहिती मिळाली त्यांपैकी सुमारे ७९ टक्के डॉक्टर पाच वर्षांनी परवान्यासह काम करीत होते. पाच वर्षे हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे पंधरा दिवसांत घरी आणून "बरा झाला" म्हणतात.

वैद्यकीय शाखेच्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे वसतिगृहातच जाणून घ्यावे. शासनाची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा (१४४१६) २०२२ पासून चालू आहे. तेथे मराठीतही बोलता येते, आणि घरच्यांनीही फोन करावा.