उद्यानाखाली थांबलेला पाऊस

मुंबईतील दादर-परळ दरम्यानचा हिंदमाता परिसर कापडाच्या बाजारपेठेसाठी जितका प्रसिद्ध आहे, तितकाच पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्यासाठीही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाचा हा भाग बशीसारखा खोलगट. आजूबाजूच्या उंच भागांतील पाणी येथे उतरते. पण येथून समुद्राकडे जाण्यास त्याला पुरेसा उतार मिळत नाही. बँकेच्या सेवेत असताना नजरगहाण कर्जासाठी साठ्याची तपासणी करण्याचे काम माझ्याकडे असे. सखल भागांतील जाणते व्यापारी जून ते सप्टेंबर खालचे फळे रिकामे ठेवत. वरच्या फळ्यांवर दाटीवाटीने रचलेले ते तागे पाहिले, की पावसाची किंमत अहवालाशिवायही समजे.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पाऊस आणि समुद्राची ओहोटी, असे दोन्ही गृहीत धरून बांधलेल्या होत्या. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर वाहिन्यांची क्षमता ताशी 50 मिलिमीटरपर्यंत वाढविण्याच्या आणि किनाऱ्यावर उदंचन केंद्रे उभारण्याच्या कामांना वेग आला. तरीही एक अडचण उरते. समुद्राला मोठी भरती असताना बहुतेक पातमुखे पाण्याखाली जातात. तेव्हा वाहिनी कितीही रुंद असली तरी तिचे तोंड बंदच राहते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारे सहा तास लागतात. जोरदार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, तर ते काही तास पाणी ठेवायचे कोठे, हाच खरा प्रश्न आहे.

मुंबई महानगरपालिकेने 2021 मध्ये त्याचे एक उत्तर जमिनीखाली शोधले. दादर पश्चिमेचे प्रमोद महाजन कला उद्यान आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली विशाल टाक्या बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. हिंदमाता येथे साचू लागलेले पाणी पंपांनी उचलायचे, रस्त्याखालील मोठ्या नळांतून टाक्यांत न्यायचे आणि पाऊस व भरती ओसरल्यावर पुन्हा पर्जन्यजल वाहिनीत सोडायचे, अशी ही रचना आहे. दाट वस्तीत मोकळी जागा उरते ती उद्यानांची आणि मैदानांचीच. टाकी खाली गेली, की वर मुलांचे खेळ पूर्ववत चालू राहतात.

अशा टाकीची ताकद आणि मर्यादा दोन्ही साध्या हिशेबाने कळतात. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे पाणी होते 5 कोटी लिटर. 100 मीटर लांब, 50 मीटर रुंद आणि 5 मीटर खोल टाकीत 2.5 कोटी लिटर मावते. म्हणजे ताशी 50 मिलिमीटरच्या पावसात एवढी मोठी टाकीही एक चौरस किलोमीटरचे जेमतेम अर्ध्या तासाचे पाणी सामावते. मात्र काही पाणी वाहिन्यांतून जातच असते. टाकीने पेलायचे ते फक्त उरलेले आधिक्य. व्यापाऱ्याला हे नवे नाही. कॅश क्रेडिटची मर्यादा संपूर्ण उलाढालीएवढी नसते. येणे आणि देणे यांतील अंतर भरून काढण्यापुरती असते.

अभियंत्यापुढील एक अडचण ऐकून नवल वाटेल. जमिनीतील पाण्याची पातळी उंच असेल, तर रिकामी टाकी नावेप्रमाणे वर उचलली जाण्याचा धोका असतो. म्हणून तिचा तळ जड करतात किंवा खोल खडकात जखडतात. छतावर जलरोधक थर आणि मातीचा भार असतो. या मातीत हिरवळ व झुडपे वाढतात. परंतु खोल मुळांचे वृक्ष टाकीच्या कडेबाहेरच लावावे लागतात. जुनी झाडे असलेले उद्यान निवडताना हा विचार आधी व्हायला हवा.

रस्त्यावरून आलेले पाणी आपल्यासोबत माती, तेल, टायरची झीज आणि प्लास्टिक घेऊन येते. आरंभी जाळ्या कचरा अडवतात. गोल फिरणाऱ्या प्रवाहाच्या कक्षात जड वाळू तळाशी बसते. पाणी पुन्हा वापरायचे असेल, तर त्यापुढे गाळणी आणि निर्जंतुकीकरण आवश्यक. लॉस एंजेलिसच्या सन व्हॅली भागातील उद्यानाखाली 2006 मध्ये पूर्ण झालेली योजना पावसाचे पाणी असेच स्वच्छ करून भूजलात मुरविते. तेथील मतदारांनी 2018 मध्ये अशा कामांसाठी कर मंजूर केला: पाणी न मुरणाऱ्या जमिनीच्या प्रत्येक चौरस फुटामागे वर्षाला अडीच सेंट. जो जेवढी जमीन फरसबंद करतो, तो तेवढा भार उचलतो. डेन्मार्कमधील कोपनहेगनने 2 जुलै 2011 च्या ढगफुटीनंतर एंगहावे उद्यानाची पुनर्रचना केली. ते प्रसंगी सुमारे 2.26 कोटी लिटर पाणी धरू शकते.

हिंदमाता परिसराची गरज वेगळी आहे. अवघ्या काही तासांत मोठा पाऊस कोसळतो, त्यामुळे तेथे पाणी साठवून ठेवण्यापेक्षा पुढच्या सरीपूर्वी टाकी रिकामी होणे महत्त्वाचे. भरलेली टाकी दुसऱ्या सरीला निरुपयोगी. शिवाय पाणी आठवडाभर साचून राहिले, तर डासांची पैदास होते.

येथेच आपल्या सवयीचा प्रश्न येतो. बांधकाम हा भांडवली खर्च. त्याचे उद्घाटन होते, छायाचित्रे छापून येतात. गाळ काढणे, पंप तपासणे, विजेची पर्यायी सोय चालू ठेवणे हा दरवर्षीचा महसुली खर्च. त्याकडे कोणाचे लक्ष नसते. गाळाने एक पंचमांश भरलेली टाकी म्हणजे एक पंचमांश पैसा वाया गेला. हा गाळ काढणेही जोखमीचे आहे. बंद जागेत विषारी वायू साचतो. म्हणून वायूची तपासणी, खेळती हवा आणि यंत्रे यांशिवाय कोणाही कामगाराला आत उतरविणे हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. आपला माल कोरडा राहावा म्हणून कोणाचा जीव धोक्यात जाऊ नये.

व्यापारी मंडळांनी मे महिन्यात विभाग कार्यालयाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: गाळ केव्हा काढला, पंप पूर्ण भाराने केव्हा चालवून पाहिले, वीज गेल्यास व्यवस्था काय. आणि एक गोष्ट स्वतःच्या दुकानात पाहावी. गठ्ठ्यांवरची प्लास्टिकची वेष्टने आणि सुतळ्या संध्याकाळी कोठे जातात? त्या गटारात गेल्या, तर पहिल्या पावसात टाकीच्या जाळीवर येऊन बसतात आणि पाणी पुन्हा आपल्याच उंबऱ्याशी परतते.