स्मृतिनाशाचा संगणकीय वेध

अपस्माराचे वर्णन करताना चरकाचार्यांनी स्मृतीच्या अपगमावर भर दिला आहे. ही स्मृती नेमकी कोठे ढळते, याचा शोध आता संगणकीय प्रारूपांच्या साहाय्यानेही घेतला जात आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतील डॉ. सुहिता नाडकर्णी यांचे कार्य या दृष्टीने वैद्यांनी जाणून घेण्याजोगे आहे.

डॉ. नाडकर्णी यांचा प्रवास भौतिकशास्त्राकडून मेंदूकडे झाला. ओहायो विद्यापीठातील पीटर युंग यांच्यासमवेत त्यांनी २००३ साली चेतापेशी व तिच्या निकटच्या ताराकृती पेशी यांचे गणिती प्रारूप मांडले. अपस्मारग्रस्त मेंदूच्या ऊतीत ताराकृती पेशींवरील ग्लुटामेटचे ग्राहक वाढलेले आढळतात. प्रारूपात ते वाढविताच चेतापेशी बाह्य उत्तेजनेवाचून स्पंदू लागली.

पुढे टेरेन्स सेजनोव्स्की, हर्बर्ट लेव्हिन आदी शास्त्रज्ञांसह त्यांनी स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमधील चेतासंधींचा अभ्यास केला. त्यावरील निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. चेतासंधी अतिसूक्ष्म असते आणि तेथील कॅल्शियमचे कण मोजके असतात. त्यामुळे सरासरी काढून भागत नाही. एकेका कणाचे यदृच्छ भ्रमण संगणकावर घडवून पाहावे लागते.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात संदेश पाठविणाऱ्या टोकातील एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलम, म्हणजेच पेशीतील कॅल्शियमचे कोठार, याचा विचार केला आहे. उंदरांच्या चेतासंधींच्या रचनेवर आधारलेल्या या प्रारूपात कोठाराचे कार्य रोखले असता, लागोपाठ येणाऱ्या संदेशांनी चेतासंधीला मिळणारे बळ घटले. अल्झायमरच्या प्राणिप्रारूपांतही अशीच घट पूर्वी नोंदली गेली होती. विकृतीचा आरंभ पेशीनाशापूर्वी, व्यवहाराच्या पातळीवर होत असावा, या विचारास यातून पुष्टी मिळते.

तथापि हे भाकीत आहे, चिकित्सा नव्हे. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही आपली मेध्य रसायने या प्रारूपांत तपासलेली नाहीत. म्हणून अशा संशोधनाचा दाखला औषधाच्या वेष्टनावर वा दुकानाच्या फलकावर देणे सर्वस्वी अनुचित होय. मेंदूचे विकार व अपस्मार यांवरील औषधांच्या जाहिरातीस १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मनाई आहे, हे औषधविक्रेत्या बंधूंनी विसरू नये.

आपण घ्यावयाचा धडा वेगळा आहे. प्रारूपकर्त्याला प्रत्येक गृहीतक अंकांत मांडावे लागते, म्हणूनच त्याची चूक दुसऱ्याला दाखविता येते. बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यांतून विस्मरणाची तक्रार घेऊन येणाऱ्या वृद्धाला ‘वय झाले’ म्हणून परत पाठवू नये. बी-१२ ची उणीव, थायरॉईडचे मांद्य, विषाद, पडल्याने डोक्याला झालेली इजा ही कारणे प्रथम तपासावीत. ती बहुधा उपचारसाध्य असतात. त्यानंतर रसायनचिकित्सा योजल्यास द्रव्य, मात्रा, अनुपान, चालू असलेली अन्य औषधे आणि ठरावीक अंतराने घेतलेली एकच स्मृतिचाचणी यांची लेखी नोंद ठेवावी. अशा नोंदींवाचून आपला अनुभव आपल्यापुरताच राहतो. त्यातून शास्त्राची भर पडत नाही.