भिंतीपलीकडचा उजेड

जर्मनीत हॅम्बुर्ग शहराखाली ‘डेझी’ या संशोधन संस्थेचा एक जुना बोगदा आहे. त्यातला ‘हेरा’ हा 6.3 किलोमीटर परिघाचा कणत्वरक 2007 साली बंद करण्यात आला. त्याच बोगद्याच्या एका सरळ भागात मे 2023 पासून ‘ॲल्प्स-2’ हा प्रयोग चालू आहे. यंत्राची लांबी सुमारे 250 मीटर आणि काम ऐकायला विचित्र: लेझरचा झोत अपारदर्शक भिंतीवर सोडायचा आणि पलीकडे उजेड पडतो का, ते पाहायचं!

या खटाटोपामागे सिद्धांत आहे. नेहमीच्या फोटॉनला एखादा लपलेला भाऊबंद असू शकेल, असा विचार सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह ओकुन यांनी 1982 साली मांडला. दोघांची अल्पशी सरमिसळ कशी होऊ शकते, हे बॉब होल्डम यांनी 1986 मध्ये दाखवलं. या गुप्त फोटॉनला थोडं वस्तुमान असेल, तर वाटचालीत प्रकाश त्याचं रूप घेईल आणि पुन्हा मूळ रूपात येईल. गुप्त रूपात असताना भिंत त्याला अडवणार नाही.

हे रूपांतर अतिशय दुर्मीळ असणार. म्हणून भिंतीच्या दोन्ही बाजूंना दूरदूर आरसे बसवले आहेत. अलीकडे लेझरचा प्रकाश पुन्हापुन्हा परतत साठतो. पलीकडचे आरसे त्याच वारंवारतेला जुळवले, की गुप्त कणाचा पुन्हा प्रकाश होण्याची शक्यता वाढते.

झोताच्या वाटेवर हेराचेच 24 अतिवाहक चुंबक आहेत. प्रोटॉन वर्तुळात वळवण्यासाठी ते किंचित वाकडे बनवलेले होते. लेझरला सरळ वाट हवी, म्हणून ते दाबून सरळ करावे लागले. चुंबक लागतात ते ॲक्सिऑनसारख्या, अजून न सापडलेल्या दुसऱ्या काल्पनिक कणांसाठी. गुप्त फोटॉनला त्यांची गरज नाही. त्यामुळे चुंबक बंद असतानाही उजेड आला, तर संशय गुप्त फोटॉनवर जाईल.

त्याआधी एक खातरजमा मात्र हवी. फटीतून किंवा परावर्तनातून झिरपलेला लेझरचा प्रकाश हुबेहूब खऱ्या खुणेसारखाच दिसतो. त्याला रोखणं ही इथली मोठी डोकेदुखी आहे.

सूर्यातून किंवा आकाशगंगेतून येणाऱ्या कणांची वाट पाहणाऱ्या प्रयोगांना तिथल्या परिस्थितीविषयी काही गोष्टी गृहीत धराव्या लागतात. इथे कण घडवायचा आणि ओळखायचाही एकाच बोगद्यात. म्हणून या यंत्राचा ‘नाही’सुद्धा मोलाचा आहे: पलीकडे अंधारच राहिला, तरी सरमिसळ अमुक प्रमाणापेक्षा जास्त नाही, एवढं पक्कं सांगता येतं.