खुल्या कोडची गोष्ट – भाग ७ : दर नऊ आठवड्यांची गाडी

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. वाय-फाय लागलं, टचपॅड चाललं, पडद्याचा उजेड कमी-जास्त झाला. स्पीकर मात्र मुका. हा अनुभव अनेकांचा आहे आणि कारण बहुतेक वेळा क्षुल्लक असतं. कंपनीनं आवाजाच्या चिपच्या पिना आपल्या सोयीनं जोडलेल्या असतात आणि ते बायॉसमध्ये धड लिहिलेलं नसतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, अशा लहरी मॉडेलांची एक लांबलचक यादीच आहे. त्या यादीत एक ओळ वाढवायची: कंपनीचा क्रमांक, मॉडेलचा क्रमांक, मॉडेलचं नाव आणि त्यावरचा उपाय. स्पीकर बोलू लागतो.

गेल्या भागात लायसन्सबद्दल लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, ‘कुणीही कोड बदलू शकतं म्हणता, मग उद्या कुणीही काहीही घुसडेल की!’ आपल्या घरच्या प्रतीत घुसडेल, खुशाल. मूळ कर्नलमध्ये जायचं, तर त्या एका ओळीला बराच प्रवास करावा लागतो. आज तिच्याच मागून जाऊ.

बदल पाठवतात त्याला पॅच म्हणतात. शब्दशः ठिगळ. काढलेल्या ओळीपुढे वजाचं चिन्ह, घातलेल्या ओळीपुढे अधिकचं, आणि ठिगळ कुठे बसतं ते कळावं म्हणून आजूबाजूच्या दोन-तीन ओळी. लॅरी वॉल यांनी १९८५मध्ये ‘पॅच’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याला समजणारं हे दुरुस्तीचं रूप आजही तसंच चालतं.

कर्नलचे पॅच ईमेलनं जातात. वेबसाइटवर बटण दाबून बदल पाठवायची सवय असलेल्या आजच्या मुलांना हे पुरातन वाटतं. पण मेलसुद्धा साधी हवी: रंग नाहीत, ठळक अक्षरं नाहीत, फाइल जोडायची नाही, पॅच मजकुरातच. विषयाच्या ओळीत आधी विभागाचं नाव, मग काय केलं ते थोडक्यात आणि आज्ञार्थी. ‘दुरुस्त केलं’ असं नाही, ‘दुरुस्त करा’ असं. जणू तुम्ही कोडलाच हुकूम देताय. खाली परिच्छेदभर कारण. काय बदललं ते पॅच सांगतोच, का बदललं ते माणसानं सांगायचं. या दोन-चार वाक्यांवर नवखे लोक सर्वांत कमी वेळ घालवतात आणि पॅच परत येतात ते बरेचदा त्यांच्यापायीच.

त्याखाली एक ओळ येते: ‘साइन्ड-ऑफ-बाय’, पुढे नाव आणि ईमेल. ही ओळ नसेल तर पॅच घेतच नाहीत. तिच्यामागे कोर्टकज्जा आहे. मार्च २००३मध्ये एससीओ नावाच्या कंपनीनं आयबीएमवर दावा ठोकला की आमच्या युनिक्सचा कोड तुम्ही लिनक्समध्ये घातलात. दावा पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला, पण त्यानं एक गोष्ट लक्षात आणून दिली: कुठली ओळ कुणी दिली याचा कागद कुणाकडेच नव्हता. म्हणून २००४मध्ये हा नियम आला. ‘हे मी लिहिलं आहे, किंवा या लायसन्सखाली द्यायचा मला हक्क आहे’ असं ती ओळ सांगते. पॅच पुढे ज्याच्या-ज्याच्या हातून सरकतो, तो मेंटेनर, म्हणजे त्या भागाची निगा राखणारा, खाली आपली सही जोडत जातो. सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदी वाचाव्यात तशा या सह्या वाचता येतात.

माझा स्वतःचा पहिला पॅच असाच एका ओळीचा होता. कोड बरोबर, कारण नीट लिहिलेलं, सही केलेली. तरी परत आला. माझ्या मेलच्या प्रोग्रॅमनं सौजन्यानं सगळ्या टॅबच्या जागी स्पेस घातल्या होत्या. कर्नलमध्ये ओळ आत सरकवायची ती टॅबनंच, आणि टॅबची रुंदी आठ अक्षरं. तिथे स्पेस आल्या की आजूबाजूच्या ओळी जुळत नाहीत आणि ठिगळ बसत नाही. उत्तर दोन शब्दांचं होतं: ‘लागू होत नाही.’ त्या दिवशी फार अपमान वाटला. नंतर कळलं, समोरच्या माणसाकडे त्याच सकाळी असे डझनावारी पॅच आलेले असणार. तेव्हापासून पॅच आधी स्वतःलाच मेल करतो, आलेला उतरवून लावून बघतो, मगच पाठवतो. नवख्यांना माझा हा एवढाच सल्ला. शिवाय ‘चेकपॅच’ नावाची स्क्रिप्ट कोडसोबतच येते. ती स्पेस, लांबी, सही असल्या चुका आधीच दाखवते; तिचं ऐकावं.

पाठवायचं कुणाला? लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांना नाही. कर्नलच्या कोडमध्ये ‘मेंटेनर्स’ नावाची एक भलीमोठी फाइल आहे. कुठला भाग कुणाच्या ताब्यात, ते त्यात लिहिलेलं. एक स्क्रिप्ट तुमचा पॅच वाचून नावं काढून देते. आवाजाचा पॅच आवाजाच्या मेंटेनरकडे, नेटवर्कचा नेटवर्कवाल्याकडे. मग वाट बघायची. आठवडा, कधी दोन. घाई करणाऱ्याकडे तिथे फारसं प्रेमानं बघत नाहीत. शेरे येतात, तुम्ही सुधारता, ‘व्ही-२’ म्हणून पुन्हा पाठवता आणि आधीपेक्षा काय बदललं ते तीन आडव्या रेघांखाली लिहिता. त्या रेघांखालचा मजकूर इतिहासात जात नाही, फक्त वाचणाऱ्यासाठी असतो. मोठे बदल ‘व्ही-१०’च्या पुढेही जातात. आणि पुष्कळदा उत्तर ‘नको’ असं असतं. घेतलेल्या प्रत्येक ओळीची पुढची कित्येक वर्षं निगा राखावी लागते, आणि ती पाठवणारा राखणार नसतो, मेंटेनर राखणार असतो. तो ‘नको’ म्हणतो तेव्हा मला तरी त्याचंच बरोबर वाटतं.

इथे एक गैरसमज काढून टाकू. हे सगळं हौशी मुलं रात्री जागून करतात असं चित्र आपल्याकडे अजून आहे. १९९१मध्ये हेलसिंकीतल्या विद्यार्थ्यानं सुरू केलं तेव्हा ते खरं होतं. आज कर्नलमधला बहुतांश कोड इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांच्या पगारावरची माणसं लिहितात. पण पगार कुणाचाही असो, पॅचची वाट तीच.

तर मेंटेनरनं तुमची ओळ आपल्या शाखेत घेतली. ती जगापुढे कधी येणार? आता येतो तो भाग, जो माझ्या मते कर्नलवाल्यांचा सर्वांत मोठा शोध आहे, आणि तो कोडमध्ये नाही, वेळापत्रकात आहे.

ज्यांच्या गावाला मुक्कामी एसटी येत असे त्यांना हे लगेच कळेल. संध्याकाळी येणार, रात्री गावात थांबणार, पहाटे निघणार. ती चुकली की दिवस गेला. म्हणून पहाटे अख्खा गाव तिच्यात: टोपल्या, गठुडी, पाय ठेवायला जागा नाही. गाडी उशिरा सुटणार ती याच गर्दीमुळे आणि उशीर होतोय म्हटल्यावर आणखी दोघं धावत येणार. कर्नलचं पूर्वी हेच होतं. २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१मध्ये आली आणि पुढची २.६ थेट डिसेंबर २००३मध्ये. मधली विषम आकड्याची २.५ फक्त प्रयोगासाठी. तुमचा बदल २.४ला चुकला, तर जवळपास तीन वर्षं फलाटावर. मग जो तो आपला अर्धाकच्चा माल शेवटच्या क्षणी आत कोंबायचा, त्यानं गाडी आणखी लांबायची. रेड हॅट आणि सुसेसारख्या लिनक्स पुरवणाऱ्या कंपन्यांना एवढं थांबणं परवडत नव्हतं. ते नव्या कोडमधले बदल उचलून जुन्या कर्नलवर आपापल्या परीनं शिवत बसायचे. प्रत्येकाची गोधडी वेगळी.

२००४च्या उन्हाळ्यात ठरलं की २.७ काढायचीच नाही. आधी वाटलं हे तात्पुरतं असेल, पण पुढच्या वर्षी त्याला नीट वेळापत्रक आलं. त्याच सुमारास, एप्रिल २००५मध्ये, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला कर्नलवाले वापरत होते त्या बिटकीपर नावाच्या प्रणालीचा फुकट वापर बंद झाला आणि टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत तिच्या जागी ‘गिट’ लिहायला घेतलं. गिटची कीर्ती जगभर झाली. वेळापत्रकाची तेवढी झाली नाही.

ते वेळापत्रक असं. नवी आवृत्ती निघाली की दोन आठवडे ‘मर्ज विंडो’ उघडते. मेंटेनर आपापल्या शाखा टोरवाल्ड्स यांच्याकडे पाठवतात, ते त्या मुख्य कोडमध्ये ओढून घेतात. हे बदल त्याआधीच ‘लिनक्स-नेक्स्ट’ नावाच्या शाखेत एकत्र करून पाहिलेले असावे लागतात, म्हणजे एकाचं ठिगळ दुसऱ्यावर चढत नाही ना ते आधीच कळतं. या दोन आठवड्यांत दहा-दहा हजार बदल आत येतात. मग खिडकी बंद, आणि ‘आरसी-१’, म्हणजे पहिली ‘रिलीज कँडिडेट’, निघते. इथून पुढे नवीन काही नाही, फक्त दुरुस्त्या. दर रविवारी एक आरसी, साधारण सातपर्यंत, कुठे शंका वाटली तर आठपर्यंत. त्यानंतरच्या रविवारी आवृत्ती. दोन अधिक सात, नऊ आठवडे. आपली स्पीकरची ओळ दुरुस्तीत मोडते, त्यामुळे ती आरसीच्या काळातही जाते. नवं काही करणारा बदल असेल तर मात्र पुढच्या खिडकीपर्यंत थांबायचं.

आता गंमत बघा. पुढची गाडी नऊ आठवड्यांत आहे हे माहीत असलं की कुणी लोंबकळत नाही. ‘अजून कच्चं आहे, पुढच्या वेळी घेऊ’ हे मेंटेनर सहज म्हणू शकतो, आणि ऐकणाराही फार मनाला लावून घेत नाही. ‘अमुक झाल्याशिवाय रिलीज नाही’ म्हणणारे खुले प्रकल्प मी बरेच पाहिले. ते अमुक कधी होत नाही, आणि तयार झालेलं तमुकही कपाटात पडून राहतं.

आरसीच्या काळातला एक नियम कडक आहे: आधी चालत होतं ते नव्या आवृत्तीत बंद पडता कामा नये. याला रिग्रेशन म्हणतात. कर्नल बदलल्यावर कुणाचा प्रोग्रॅम मोडला, तर तो प्रोग्रॅम वेडावाकडा लिहिला होता ही सबब चालत नाही. दोष कर्नलचा, दुरुस्त करा, नाहीतर बदल मागे घ्या. कितीही देखणा बदल असो.

शेवटी रिलीज म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? मुख्य मेकफाइलमध्ये एका ओळीत ‘-आरसी७’ असं लिहिलेलं असतं, ते पुसतात. बस. त्या बदलावर टोरवाल्ड्स आपली डिजिटल सही असलेला टॅग लावतात. आवृत्तीच्या पहिल्या आकड्याला काही अर्थ नाही, हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलंय. दुसरा आकडा विसाच्या घरात गेला, हातापायांची बोटं संपली, की पहिला वाढवायचा. ४.२०नंतर ५.० आली, ५.१९नंतर ६.०. ‘६.०मध्ये काय क्रांतिकारी?’ असे मथळे तेव्हा दिसले, त्यांना काही अर्थ नव्हता.

सहीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. कोड दाबून बांधलेलं गाठोडं, म्हणजे टारबॉल, लोक उतरवून घेतात. गाठोड्यात तेच आहे का, जे सगळ्यांसमोर तपासलं गेलं? मार्च २०२४मध्ये या प्रश्नानं जगाची झोप उडवली, आणि ती गोष्ट नेमकी गाठोडी बांधण्याच्या अवजाराचीच आहे. कर्नलचे टारबॉल ज्यानं दाबले जातात ते ‘एक्सझेड’. त्याचा सांभाळ एकटा माणूस, बिनपगारी, करत होता. जिया टॅन या नावानं वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं उपयोगी पॅच पाठवले, विश्वास कमावला आणि रिलीज काढायचा अधिकार मिळवला. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये एक फाइल अशी होती, जी सगळ्यांना दिसणाऱ्या गिटमधल्या कोडमध्ये नव्हतीच. ती फाइल चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या फाइलींतून चोरदरवाजा बाहेर काढून बसवत होती. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या प्रोग्रॅमरला दूरच्या यंत्रात लॉग-इन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्यांनी खोदलं, आणि २९ मार्चला सगळं उघड झालं. डेबियन आणि फेडोरा या लिनक्स वितरणांच्या चाचणीतल्या आवृत्त्यांत माल पोचला होता; लोकांच्या रोजच्या वापरातल्या स्थिर आवृत्त्या वाचल्या.

खुल्या कोडवर हसणाऱ्यांना या प्रकारानं जोर चढला. मी उलट म्हणेन: अर्ध्या सेकंदाचा माग काढता आला तो कोड खुला होता म्हणूनच. घात झाला तो कोड आणि गाठोडं यांच्यामधल्या अंधाऱ्या बोळात. कर्नलचा टारबॉल सही केलेल्या टॅगवरून निघतो आणि सही दाबण्याआधीच्या गाठोड्यावर असते, त्यामुळे कुणीही घरबसल्या ताळा करू शकतं. तरी एकट्या, दमलेल्या मेंटेनरचा प्रश्न उरतोच, आणि त्यावर कुठलीही डिजिटल सही उपाय नाही.

टोरवाल्ड्स यांचा हात सुटला की आवृत्ती ‘स्टेबल’ गटाकडे जाते. तिथे ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि सहकारी निवडक दुरुस्त्या जुन्या आवृत्त्यांत घालतात. अट अशी की दुरुस्ती आधी मुख्य कोडमध्ये गेलेली असली पाहिजे. काही आवृत्त्या अशा रीतीनं कित्येक वर्षं सांभाळल्या जातात, आणि अँड्रॉइड फोनमध्ये बसतात त्या याच.

तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर आत्ता बघा. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’, त्यात ‘कर्नल आवृत्ती’. समजा आकडा ५.१० आणि पुढे टिंब देऊन आणखी एक संख्या असा दिसला, तर ५.१० ही डिसेंबर २०२०मधल्या एका रविवारची गाडी. तिसरी संख्या म्हणजे त्यानंतर तिला किती वेळा ठिगळं लागली ती. दोन महिन्यांनी पुन्हा तिथेच जाऊन बघा. संख्या वाढली नसेल, तर दुरुस्त्या तयार असूनही फोन कंपनीनं त्या तुमच्यापर्यंत पोचवलेल्या नाहीत.

(पुढच्या आठवड्यात : डेबियन – मतदान करून चालणारं सॉफ्टवेअर)