एचआयव्हीसह जगणाऱ्या गर्भवती आणि लसीविषयीची साशंकता

देशात कोविड-१९ प्रतिबंधक लसीकरणाला १६ जानेवारी २०२१ रोजी प्रारंभ झाला, तेव्हा गर्भवती महिलांना त्यातून वगळण्यात आले होते. त्यांच्यावरील चाचण्यांची पुरेशी माहिती उपलब्ध नसल्याने ही खबरदारी घेण्यात आली होती. २ जुलै २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्यांना लस घेण्यास अनुमती दिली. मात्र ‘गरोदरपणी लस नको’ हा समज रुजण्यास मधले साडेपाच महिने पुरेसे होते. एचआयव्हीसह जगणाऱ्या गर्भवतींच्या मनात तर आणखी एक प्रश्न असतो. आधीच दुबळ्या झालेल्या शरीराला लस सोसेल काय?

अशा साशंकतेला वृत्तपत्रांतून सर्रास ‘लसविरोध’ म्हटले जाते. हा शब्द येथे अन्यायकारक ठरतो. भारतात २०१४ पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गर्भवतीस आजन्म एआरटी औषधोपचार देण्याचे धोरण आहे. उपचार न मिळाल्यास गर्भावस्था, प्रसूती व स्तनपान या काळात बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. बाळासाठी रोज न चुकता गोळी घेणारी स्त्री वैद्यकशास्त्राची विरोधक असू शकत नाही. तीच स्त्री लसीच्या सुईपुढे थबकत असेल, तर त्यामागची कारणे समजून घेणे आवश्यक ठरते.

त्यातील एका शंकेला शास्त्रीय पार्श्वभूमी आहे. लस घेतल्यानंतर रक्तातील विषाणूंचे प्रमाण काही काळ वाढते, असे १९९० च्या दशकातील काही अभ्यासांत आढळले होते. परंतु त्या काळी आजचे संयुक्त औषधोपचार सर्वांना उपलब्ध नव्हते. नियमित एआरटी सुरू असलेल्या व्यक्तींमध्ये अशी वाढ बहुधा होत नाही. झाली तरी ती अल्प व तात्पुरती असते. दुसरा घोळ लसींच्या प्रकारांविषयीचा आहे. गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्यांची लस जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूंपासून बनते आणि ती कोणत्याही गर्भवतीला दिली जात नाही. याउलट धनुर्वात व घटसर्प यांवरील टीडी, इंजेक्शनद्वारे दिली जाणारी इन्फ्लूएंझाची लस आणि हिपॅटायटिस बी ची लस यांत जिवंत जंतू नसतात. त्यामुळे या लसींपासून तो आजार होऊ शकत नाही.

खरा प्रश्न बाळाचा आहे. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तीच बाळाचे रक्षण करतात. एचआयव्हीबाधित मातेकडून बाळाला मिळणारी ही शिदोरी अनेकदा तोकडी असते. बाळाला स्वतःला संसर्ग झालेला नसला तरीही. अशा मातेने लस घेण्याचे महत्त्व म्हणूनच इतरांपेक्षा अधिक आहे. दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथे २०११ व २०१२ मध्ये गर्भवतींना इन्फ्लूएंझाची लस देऊन झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एचआयव्हीबाधित मातांमध्ये लसीमुळे निर्माण झालेली प्रतिपिंडे तुलनेने कमी होती. तरीही या मातांना आजारापासून सुमारे ५८ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसून आले.

भारतात टीडीची पहिली मात्रा गरोदरपणाचे निदान होताच आणि दुसरी चार आठवड्यांनी दिली जाते. मागील तीन वर्षांतील गरोदरपणात दोन्ही मात्रा घेतल्या असल्यास एक वर्धक मात्रा पुरते. माता व नवजात बालकांमधील धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले असले, तरी धनुर्वाताचे जंतू मातीत कायम आहेत.

लस टाळण्याची कारणे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी तीन गटांत मांडली आहेत: विश्वासाचा अभाव, आजाराविषयीची बेफिकिरी आणि गैरसोय. या महिलांच्या बाबतीत चौथे कारण जोडावे लागेल, ते म्हणजे गुपित फुटण्याचे भय. एआरटीची औषधे गावापासून दूरच्या केंद्रात मिळतात, तर लसीकरण गावातल्या अंगणवाडीत, ओळखीच्या बायकांच्या रांगेत होते. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ एवढा साधा प्रश्न चारचौघींत विचारला गेला, तरी ती स्त्री पुन्हा त्या रांगेत उभी राहील, याची शाश्वती नाही. सासरी काही ठाऊक नसेल तर नाहीच.

वस्तुतः टीडीचे वेळापत्रक सर्व गर्भवतींसाठी एकच असल्याने ही लस घेताना एचआयव्हीची स्थिती सांगण्याची गरज पडत नाही. शिवाय १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायद्यानुसार अशी माहिती संबंधिताच्या संमतीविना उघड करता येत नाही; उपचारांसाठी आवश्यक असेल तेव्हा एका आरोग्यसेवकाने ती दुसऱ्याला सांगणे हा त्यातील मर्यादित अपवाद आहे. अन्य लसींविषयी बोलण्यास एआरटी केंद्रातील समुपदेशक हीच योग्य व्यक्ती ठरते, कारण तेथे लपवण्याजोगे काही उरलेले नसते. औषधे नेण्यासाठी आलेल्या स्त्रीला ‘लस घेतली का?’ असे दरडावण्याऐवजी ‘लसीविषयी काय ऐकले आहे?’ असे विचारल्यास मनातली भीती बाहेर येते. केंद्रापर्यंत जाणे शक्य नसल्यास राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगताही सल्ला घेता येतो.