शेठ चांगला कसा वाटतो?

ऑगस्ट १९७३ मध्ये स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात दरोडेखोराने बँकेतील चार कर्मचाऱ्यांना सहा दिवस ओलीस धरले. सुटल्यावर त्यांचा राग दरोडेखोरापेक्षा पोलिसांवरच अधिक होता. तज्ज्ञांनी याला मनाचा आजार ठरवले आणि 'स्टॉकहोम सिंड्रोम' हे नाव जगभर झाले. पण त्या ओलिसांपैकी क्रिस्टिन एनमार्क पुढे सांगत राहिल्या की, हा आजार नव्हता. पोलिसांच्या कारवाईत जीव जाण्याची भीती होती, म्हणून दरोडेखोराशी जुळवून घेतले.

आपल्याकडे ही कोंडी सहा दिवसांची नाही, पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. या समाजातील अनेक कुटुंबे पावसाळ्यात हाताला काम नसताना वीटभट्टी किंवा कोळसाभट्टीच्या मालकाकडून उचल घेतात आणि दिवाळीनंतर पोराबाळांसह ती फेडायला भट्टीवर जातात. हिशेबाची वही मालकाकडेच. तरी माणूस म्हणतो, "शेठ चांगला आहे, अडीनडीला धावून येतो."

त्याला हसण्यापूर्वी आपण आपलेच घर आठवावे. महार वतनात रात्रंदिवस गावाची चाकरी होती आणि बदल्यात जमिनीचा तुकडा व दारोदार मागायचे बलुते. तरीही आपल्या आज्या-पणज्यांना बावन्न हक्कांचा अभिमान होता! बाबासाहेबांनी त्यांना वेडे ठरवले नाही. त्यांनी बेडीवरच घाव घातला. चाकरीतून मोकळे होता यावे आणि बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा, यासाठी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ते त्या वेळी तडीस गेले नाही. वतन संपले ते १९५८ च्या कायद्याने.

कातकऱ्यांसाठीही कायदा आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज रद्द होते आणि मुक्तता व पुनर्वसनाची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर येते. पण आषाढात चूल पेटवायला शेठच येणार असेल, तर कातकऱ्याने कायद्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवावा? जातीचा दाखला, रेशन आणि वाडीजवळ वेळेवर मजुरी मिळाली, तर उचल घेण्याची वेळच येणार नाही. हे न करता त्याला 'मानसिक गुलाम' म्हणणे सोपे आहे. त्यात शेठचे मात्र काहीच बिघडत नाही.