'फुकट' शिक्षण आणि दोन कागद

मागच्या खेपेला आपण 'ऋण' या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज तिचं व्यवहारातलं एक उदाहरण घेऊ. इथे नांद्यात काय किंवा सूस-लवळ्यात काय, घरात बारावीचं पोर असलं की फीचा विषय निघतोच. जमिनीचा तुकडा विकून फी भरणारी घरं मुळशीत आपल्याला नवीन नाहीत. मग कुणीतरी म्हणतं, "एनडीएत घाला की, सगळं फुकट!"

हे 'फुकट' जरा तपासू. अमेरिकेत आरओटीसीची शिष्यवृत्ती मिळालेला मुलगा साध्या विद्यापीठात शिकतो, फी लष्कर भरतं आणि पुढे तो सेवा करून ती फेडतो. आपली एनसीसी तसं काही करत नाही. तिच्या 'सी' प्रमाणपत्रावर पदवीनंतर लेखी परीक्षेविना एसएसबीपर्यंत जाता येतं, एवढंच. आपल्याकडे लष्कर स्वतःच कॉलेज चालवतं. खडकवासल्याची एनडीए 1955 पासून तिथे आहे. तीन वर्षांचं शिक्षण, राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सरकारी खर्चानं आणि पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. पुण्यातच एएफएमसीत एमबीबीएस होतं, पण डॉक्टर झाल्यावर सैन्यात सेवा द्यावी लागते.

आता कागद बघू. एनडीएत जाताना पालकांकडून दोन लेखी हमी घेतल्या जातात. पहिली अशी की मुलानं स्वतःच्या कारणानं मध्येच सोडलं किंवा कमिशन नाकारलं, तर सरकार ठरवेल तेवढा खर्च परत करायचा. हे समजण्यासारखं आहे, उसनं घेतलं तर फेडायचं. दुसरी मात्र आपण नीट वाचत नाही: प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाई मागणार नाही.

खरी गोम इथे आहे. जखमी होऊन बाहेर पडलेला कॅडेट अजून अधिकारी झालेला नसतो, म्हणून त्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही, अधिकाऱ्याचं पेन्शन नाही. सानुग्रह रक्कम तेवढी मिळते. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून या मुलांची दखल घेतली. त्याच महिन्यात माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेचं दार त्यांना उघडलं. पेन्शनचा प्रश्न वेगळाच आहे.

कर्जात बुडतो तो पैसा. इथे तारण ठेवलं जातं शरीर, आणि तेही साडेसोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं. 2022 पासून मुलीचंही. सही बापाची! आम्ही तत्त्वज्ञानवाले याला संमतीचा प्रश्न म्हणतो. घरात तो कुणी विचारतच नाही.

म्हणजे पाठवू नका असं आमचं म्हणणं नाही. ज्याला ते आयुष्यच हवं आहे, त्याच्यासाठी याहून चांगलं शिक्षण आम्हाला तरी माहीत नाही. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून आहे, अकरावी-बारावीत एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी आता नाशिकला आहे. त्या दोन वर्षांत पोराला स्वतःलाच कळतं, त्याला वर्दी हवी आहे की नुसती फी वाचवायची आहे.